मुंबई ते विजयदुर्ग, सहा दिवस शिडाच्या बोटीवर: कप्तानाला दहा, ऑफिसला दोन

आधीच सांगतो, माझं पाण्याशी नातं खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाण्यापुरतं. भवानी पेठेत आमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. पडदे, गाद्या, ताडपत्र्या, टेम्पोची हुडं. कापड आणि दोरा एवढं कळतं, बाकी बेताचंच. पण शाळेतला एक मित्र मर्चंट नेव्हीतून रिटायर होऊन गोव्यात ३८ फुटी शिडाची बोट घेऊन बसलाय आणि फेब्रुवारीत ती मालदीवला न्यायची म्हणतो. गोवा ते माले सरळ रेषेत साधारण पावणेसातशे सागरी मैल. ताशी पाचच्या चालीने सहा दिवस, मधे चहाची टपरीसुद्धा नाही. "येतोस का" म्हणाला, मी हो म्हणून बसलो. मग त्यानेच अट घातली. आधी आठवडाभर कोकणचा किनारा करून ये, खडकाखडकांतून. तुला बोट किती लागते ते कळू दे, मग बघू.

धरणाच्या पाण्यात छोट्या बोटीवर चार रविवार शिकलो होतो, पण ते म्हणजे गल्लीत सायकल शिकून घाटात ट्रक नेण्यासारखं. म्हणून ही सफर घेतली. माणशी ४२ हजार, जेवणखाण धरून. संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत त्या मी तोंडावर सांगून आलोय, आणि कप्तानाची भाकरी तिथेच आहे. तुम्ही कोणाकडेही जा, काय तपासून घ्यायचं एवढं यातून कळलं तरी पुरे.

ऑफिसबद्दल थोडक्यात उरकतो, कारण तेवढीच त्याची लायकी आहे. पैसे घेईपर्यंत दिवसाला तीन फोन, पैसे दिल्यावर एकही नाही. पुण्याहून गाडी देणार होते, आदल्या रात्री नऊला मेसेज आला की "ज्याने त्याने यावे". पहाटे स्वारगेटवरून बस पकडली. सोबत काय आणायचं याची यादी दिली होती, तीत गॉगल आणि सनस्क्रीन ठळक अक्षरात. हेडलॅम्पचा उल्लेख नाही, गार वाऱ्यासाठी जाकिटाचा नाही. डिसेंबरात पहाटे तीनला समुद्रावर थंडी वाजते हे त्यांना माहीत नसेल असं नाही. यादी बहुधा दुसऱ्याच कुठल्या सहलीची असावी.

बोट ३६ फुटी, फायबरची, वयस्कर. आत सहा जणांची झोपायची सोय म्हणतात, त्यातले दोघे नीट झोपतात. संडासाचा हातपंप पंधरा वेळा मारायचा, सोळाव्यांदा मारला नाही तर पुढचा माणूस तुम्हाला शोधत येतो. आम्ही चौघं: मी, वाकडचं एक आयटीतलं जोडपं, आणि साताऱ्याची एक डॉक्टर मुलगी, जी पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त आजारी पडली आणि शेवटच्या रात्री सगळ्यात ताजी होती. कप्तान रत्नागिरीकडचा, चाळिशीच्या आतला. आणि एक मामा, मुरुडचे कोळी, स्वयंपाक आणि नांगर ही त्यांची दोन खाती.

बोटीवर पाय ठेवल्यावर लोक समुद्र बघतात. मी शीड बघितलं. धंद्याची खोड. मोठं शीड बूमवर, म्हणजे त्याच्या खालच्या आडव्या दांड्यावर, घडी घालून ठेवलेलं होतं, त्याच्या मागच्या काठाच्या शिवणीवरून नख फिरवलं आणि दोरा भुग्यासारखा निघाला. शिडाचं कापड पॉलिस्टरचं, कडक. मऊ सुती कापडात टाका जसा आत रुततो तसा यात रुतत नाही, वर उभा राहतो. म्हणजे घासतोही तोच आणि ऊनही तोच खातो. कापड आणखी पाच वर्षं चालेल, दोरा आधी मरतो. आमच्या ताडपत्र्यांचंही हेच आहे, म्हणून गिऱ्हाइकाला मी सांगत असतो की तीन वर्षांनी नुसती टीप मारून घ्या, नवीन घेऊ नका. पुढच्या गुंडाळायच्या शिडाच्या काठाला निळ्या कापडाची पट्टी होती, ऊन तिने खावं म्हणून. ती ठीक होती. मोठ्या शिडाचं कव्हरच फाटलेलं.

ऑफिसच्या माणसाला धक्क्यावरच सांगितलं. "सर, मागच्या वर्षीच चेक झालंय," म्हणाला आणि फोन आला म्हणून बाजूला गेला. कप्तानाने मात्र स्वतः नख फिरवून बघितलं. काही बोलला नाही. "काका, दाभण चालवता येते ना?" एवढंच विचारलं.

लाइफजॅकेटचंही सांगून टाकतो. फुगणारी होती, दोरी ओढली की आतली ३३ ग्रॅम गॅसची बाटली फुटून फुगते तशी. एका बाटलीला गंज होता, कप्तानाने ती बाजूला काढली. भरलेल्या बाटलीचं वजन किती असायला हवं ते तिच्यावरच कोरलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, कळेल. हे तुम्ही स्वतः बघा, दुसऱ्यावर सोडू नका.

पहिले दोन दिवस मजेचे. गेटवेवरून निघून खांदेरीच्या बाहेरून राजपुरीची खाडी, जंजिऱ्याच्या पायथ्याशी मुक्काम. दुसऱ्या दिवशी हर्णै, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला. तिथे बोट रात्रभर पाळण्यासारखी हलत होती आणि पाळण्यातलं बाळ मी असल्यामुळे त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे घड्याळ लावल्यासारखे भेटले. पहाटे जमिनीवरून येणारा गार मतलई, दहा-अकराला सगळं चिडीचूप, दुपारी वायव्येकडून खारा वारा चढत जाऊन चार वाजता चांगला धिंगाणा, अंधार पडला की पुन्हा ठप्प.

आणि इथेच एक गोष्ट, जी ऑफिसवाले सांगणार नाहीत. मुंबईहून दक्षिणेला जाताना हा दुपारचा वारा तुमच्या पाठीशी असतो. बोट सरळ राहते, फोटो छान येतात, सगळ्यांना वाटतं आपल्याला जमतंय. विजयदुर्गहून मुंबईला परत जाणारी सफर स्वस्त आहे, माणशी ३० हजार, कारण ती कोणी घेत नाही: वारा तोंडावर, नागमोडी जायचं, बोट कलंडलेली, चहा मांडीवर. ज्याला खरंच लांब जायचंय त्याने ती परतीची घ्यावी. मला हे विजयदुर्गला पोचल्यावर समजलं.

डोलीच्या जाळ्यांबद्दल, म्हणजे मासे धरायला समुद्रात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांबद्दल, दोन शब्द. रायगडच्या किनाऱ्याला ती ठायी ठायी लावलेली. खुणेला काय, तर थर्माकोलचा तुकडा, तेलाचा रिकामा कॅन, फार तर काठीला काळं फडकं. पंख्यात दोरी अडकली की इंजिन बंद. मामा पुढे उभे राहून हाताने डावीकडे-उजवीकडे दाखवायचे आणि त्यांचा हात एकदाही चुकला नाही. दोन्ही दिवस अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायची कप्तानाची घाई होती ती याचसाठी.

तिसरा दिवस, हर्णै ते जयगड. संकष्टी होती आणि माझा उपास. मामांनी सकाळी हर्णैच्या बंदरावरून सुरमई आणली होती; मी डोळे मिटून दाण्याचा लाडू खाल्ला. दुपारी साडेतीनच्या सुमारास दाभोळच्या खाडीच्या पुढे वारा अठरा नॉट्सला, म्हणजे ताशी अठरा सागरी मैलांना, गेला आणि शीड उसवलं. फाटण्याचा आवाज येईल असं वाटलं होतं. तसा आला नाही. मशिनवर जुनी चादर ओढल्यावर येतो तसा बारीक टरटर आवाज, आणि बघता बघता हातभर शिवण उघडली. आतून आकाश दिसत होतं. कप्तानाने बोट वाऱ्याकडे वळवली, शीड अर्ध्यावर उतरवून दुसऱ्या रीफवर, म्हणजे शीड लहान करायच्या दुसऱ्या खुणेवर, बांधलं, म्हणजे उसवलेला भाग गुंडाळलेल्या घडीत गेला. चार मिनिटं. ओरडाआरडा नाही, "अरे देवा" नाही. आयटीतल्या नवऱ्याला दोरी ओढायला सांगितली ती चुकीची ओढली, तर "ती पण लागंल नंतर, सोडा" एवढंच.

या गडबडीत जयगडला पोचायला आठ वाजले, मिट्ट काळोख. आतल्या बाजूला नांगर टाकला. खोली चार मीटर. साखळी किती सोडायची हा हिशेब कप्तानाने आमच्यावर सोपवला. पाण्यापासून बोटीच्या टोकाची उंची सव्वा मीटर, एकूण सव्वापाच, त्याच्या पाचपट, म्हणून आम्ही २६ मीटर सोडली आणि एकमेकांना टाळ्या दिल्या. मामा बटाटे चिरत होते. वर न बघता म्हणाले, "आज चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. पूर्ण भरती तीनला."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. भरती पहाटे तीनला म्हणजे नऊला ओहोटी. म्हणजे आम्ही जवळपास सगळ्यात कमी पाण्यात खोली मोजली होती, आणि रात्रीतून पाणी दोन मीटर वर येणार होतं. हे आमच्या डोक्यात शिरलं नाही. कप्तानाच्या शिरलं असणार, पण तो गप्प बसला. सव्वासात पंचे छत्तीस. आमची दहा मीटर कमी.

चंद्रोदय पंचांगात साडेआठचा, पण डोंगराआडून वर यायला नऊ वाजले. मी अर्घ्य समुद्रातच दिलं, बायकोला फोनवर सांगितल्यावर ती हसली. साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि आम्ही शिवायला बसलो.

शीड बूमवर आडवं पसरलं, माझ्या बाजूला मी, पलीकडे कप्तान, मधे हेडलॅम्पचा उजेड. आधी उसवलेल्या दोन्ही कडा चिकटपट्टीने जुन्या खुणेवर तंतोतंत बसवल्या. मग जुन्याच भोकांतून दाभण घालायची. नवी भोकं पाडायची नाहीत, नाहीतर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. मी दाभण पलीकडे ढकलायची, कप्तानाने ती ओढून पुढच्या भोकातून परत द्यायची, एक टाका वर एक खाली, झिगझॅग. कडक कापडाचे तीन थर, सुई बोटाने सरकत नाही. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधतात, त्यात लोखंडाची चकती, तिने सुई दाबायची. दुकानात मी चपलेच्या तुकड्यावर काम भागवतो, हे हत्यार पहिल्यांदा बघितलं आणि मागवूनही टाकलं. दोरा त्यांच्याकडे नेहमीचा होता, मी माझा नेला होता, ताडपत्रीचा, मेण लावलेला. बोट हलायची तेव्हा सुई हवेत थांबवायची. पावणेदोन तासांत हातभर शिवण. टीप सरळ आली नाही. गिऱ्हाइकाला दिली असती तर परत आणली असती. पण पुढच्या सहा दिवसांत, म्हणजे मी उतरल्यानंतरही, त्यातला एक टाकाही हलला नाही; हे मी नंतर विचारून घेतलं.

मध्यरात्रीनंतर वारा फिरून मतलई सुरू झाला. बोट नांगराभोवती उलटी फिरली. दोन-अडीचला कप्तानाने मला हलवलं. "काका, मघाशी जेट्टीवरचा दिवा आणि मागचा टॉवर एका रेषेत होते ना? आता बघा." दोन दिव्यांत चांगलं बोटभर अंतर पडलं होतं. नांगर घसरत होता. त्याने आम्हा चौघांना उठवलं, पण साखळीला हात लावला नाही. हिशेब परत करायला लावला. डॉक्टरच्या तोंडून "भरती!" निघालं तेव्हा मामा नांगरापाशी जाऊन उभेही राहिले होते. मागे मोकळं पाणी भरपूर आहे हे बघूनच त्याने आम्हाला चुकू दिलं, हे सकाळी कळलं. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात त्याला पेठेतल्या सगळ्या शिव्या दिल्या.

चौथा दिवस खाडीतच. सकाळी मी त्या शिडाच्या उरलेल्या शिवणीवर हात फिरवला, पाण्यात पडलेला माणूस काढायचा सराव केला, संकटात रेडिओच्या चॅनेल १६ वर कसं बोलायचं ते शिकलो, तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये टाकला. पाण्यात टाकलेला माणूस म्हणजे एक बादली होती. पहिल्या वेळी आम्हाला ती परत मिळायला अकरा मिनिटं लागली. त्यापुढे आमच्यापैकी कोणीही कमरेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय बाहेर आलं नाही, सांगावंच लागलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी जयगडहून निघून थेट पश्चिमेला. पंचवीस मैल बाहेर. माझी पाळी नऊ ते बारा, डॉक्टरबरोबर. किनाऱ्याची झगमग मागे पुसट होत जाते आणि मग नुसता काळोख, त्यात बोटीच्या मागे निळसर चमकणारं पाणी, सुकाणू फिरवलं की उजेडाचा भोवरा. सव्वादहाला चंद्र आला आणि ती चमक फिकी झाली. यात मी रमलेलो असताना कप्तानाने चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, पुढे केला. "वारा वाढला काका. जोराचा. पश्चिमेकडनं. कुठे जाल?"

मी बोट ठेवलं पूर्णगडवर, मुचकुंदी नदीच्या तोंडाशी. सगळ्यात जवळ.

"मुचकुंदीच्या तोंडाला वाळूचा दांडा आहे. तो सरकतो. दिवसा, भरतीवर, लाट नसताना आत जायचं. तुम्ही रात्री, मागून लाट येत असताना जाताय." मग त्याने बोट माझ्या बोटाच्या विरुद्ध दिशेला, कोऱ्या निळ्या कागदावर ठेवलं. "इकडे जायचं. बाहेर. इकडे आपटायला काय नाय."

बाहेर जायचं म्हणजे घर सोडून पळायचं, असं पोटातलं पोट सांगत होतं. सगळं आयुष्य आपण अडचण आली की आत पळतो. पाऊस आला, आत. पुण्यात तर दुपारी एक वाजला तरी आत. पण जांभ्याच्या कड्यांचा किनारा, वारा त्याच्याकडेच ढकलणारा, आणि मधे हजार टनांची कोळशाची बार्ज झोपेत चाललेली. मालदीवच्या वाटेवर मला भीती त्या मोकळ्या सहा दिवसांची होती. आता ती निघतानाच्या आणि पोचतानाच्या वीस मैलांची जास्त आहे. मित्राला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "चला, ४२ हजार वसूल."

पहाटे विजयदुर्गाच्या बाहेर कप्तानाने बोट उभी करून दाखवली. इंजिन नाही, नांगर नाही. पुढचं शीड उलट्या बाजूला ताणलं, सुकाणू विरुद्ध दिशेला बांधलं; एक बोटीला एकीकडे ढकलतं, दुसरं दुसरीकडे, आणि बोट जागच्या जागी हळूहळू डुलत राहते. जिन्याच्या दारात अडकलेल्या सोफ्यासारखी. तिथे आम्ही दोन तास काढले, उजाडेपर्यंत, कारण अंधारात अनोळखी खाडीत शिरायचं नाही. वाकडच्या बाईंनी स्टोव्ह पेटवून सगळ्यांना उपमा करून घातला. त्यांचा नवरा झोपलेला होता आणि त्यांनी त्याला उठवलं नाही.

साडेसातला वाघोटण खाडीत शिरलो. किल्ल्याची भिंत डाव्या... नाही, उजव्या हाताला. बघा, अजून गोंधळ आहे. तिथून तळेरे, गगनबावडा, कोल्हापूर करत एसटीने पुणे. दोन दिवस दुकानात उभा राहिलो की काउंटर हलायचा.

तर हिशेब असा. कप्तान आणि मामांना दहापैकी दहा. जेवण आठ, उपासाचं विचारलं नसताना सांभाळलं म्हणून एक जास्त दिला असता, पण चहा बंडल. बोट पाच, शीड शिवलं तर सहा. ऑफिसला दोन, तेही पावती वेळेवर दिली म्हणून. पैसे परत मागितले नाहीत, दोरा आणि मजुरी मात्र मागितली, ६५० रुपये. अजून आले नाहीत.

ज्याला नुसती हवा खायची आहे त्याने मांडव्याची रो-रो पकडावी, स्वस्त पडेल. नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' गोव्यात बांधली, तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठे न थांबता, असं सगळं तोंडपाठ असलेली आणि अजून एकदाही रात्री नांगर न उचललेली माझ्यासारखी जी माणसं आहेत, त्यांनी जावं. परतीची सफर घ्यावी. हेडलॅम्प न्यावा, आणि दोराही.

मित्राला कळवलंय की निघायच्या आधी त्याचं मोठं शीड पुण्यात पाठव. ते पसरायला दुकान पुरणार नाही, म्हणून आमच्या मागच्या बोळातल्या मंगल कार्यालयाचा हॉल बघतोय, मुहूर्त नसलेला एक दिवस. मॅनेजर विचारत होता, कार्य काय आहे.